अकरावीच्या उंबरठ्यावर : विज्ञानातील कोणते विषय घ्यावे?

(धर्मग्रामाच्या महोत्सवानिमित्त दहावीची मुलेमुली व त्यांचे पालक ह्यांच्यापुढे केलेले भाषण)



महोत्सवाच्या व्याख्यानांत धर्मगुरूने पदार्थविज्ञान व गणित ह्यांविषयी बोलावे, हे कित्येकांस चमत्कारिक वाटेल. आमचे स्वतःचे शिक्षण सेमिनरीत, तत्त्वज्ञान आणि ईशज्ञान ह्या विषयांत झाले. तेव्हा शास्त्रज्ञाचा आव आणण्याचा आमचा मुळीच हेतू नाही. परंतु दरसाल दहावीचा निकाल लागला की आमच्या दाराशी जे पालक येतात, ते आशीर्वादासाठी आलो असे म्हणतात आणि खुर्चीवर टेकतात न टेकतात तोच विचारतात, “फादर, सायन्सला घालायचे ठरले आहे, पण मॅथ्स ठेवू की बायो?” हा प्रश्न इतक्या वेळा कानी पडला आहे की त्याचे उत्तर एकदा नीट जुळवून सांगणे आम्हांस अवश्य वाटते.

आपल्या विचुंब्याच्या परिसरात वसईकडून आलेली कुटुंबे आहेत, तशीच अहिल्यानगर, जालना इकडून पोटापाण्यासाठी आलेलीही आहेत. ह्यांपैकी पुष्कळ घरांत अकरावी विज्ञानाच्या वर्गात जाणारे हे पहिलेच मूल असते. ज्याला विचारावे असे वडीलधारे माणूस घरात नसते. मग शेजारच्या बिऱ्हाडातील मुलाने जे घेतले ते आपणही घ्यावे, किंवा क्लासच्या फलकावर ज्यांची छायाचित्रे झळकतात त्यांच्या मागे जावे, असे होते. दोन वर्षांचे श्रम, आईबापांनी काढलेले कर्ज आणि मुलाचे मन ही तिन्ही ज्या निर्णयावर अवलंबून, तो निर्णय असा परक्याच्या सांगण्यावरून व्हावा, हे आम्हांस बरे दिसत नाही.

प्रथम रचना ध्यानी घ्यावी. राज्य मंडळाच्या प्रचलित पद्धतीत अकरावी-बारावी विज्ञानाच्या विद्यार्थ्यास इंग्रजी हा विषय सक्तीचा असतो. त्याशिवाय एक दुसरी भाषा आणि चार वैकल्पिक विषय. पदार्थविज्ञान व रसायनशास्त्र हे दोन बहुतेक सर्वच घेतात. खरी निवड उरते ती गणित आणि जीवशास्त्र ह्यांची. गणित घेऊन जीवशास्त्र सोडले तर मुलांच्या भाषेत ते ‘पीसीएम’, उलट केले तर ‘पीसीबी’, आणि दोन्ही घेतले तर ‘पीसीएमबी’. सोडलेल्या विषयाच्या जागी भूगोल, भूगर्भशास्त्र, माहिती-तंत्रज्ञान असे विषय घेता येतात, पण ते त्या त्या कनिष्ठ महाविद्यालयात शिकवीत असतील तर. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाप्रमाणे ह्या रचनेत फेरफार व्हावयाचे आहेत. यास्तव प्रवेशाच्या वेळी त्या वर्षीचा नियम महाविद्यालयाच्या कचेरीत विचारून घ्यावा, मागल्या वर्षीच्या मुलाच्या सांगण्यावर विसंबू नये.

आता आमचे मत सांगतो. विषय निवडताना ‘मी काय घेतो’ ह्यापेक्षा ‘मी काय सोडतो’ हा प्रश्न आधी विचारावा. आणि चारही विषयांत एकदा सोडले असता परत हाती धरण्यास सर्वांत कठीण असा जर कोणता असेल, तर तो गणित होय. जीवशास्त्र सोडलेल्यास पुढे परतण्याची वाट आता काहीशी मोकळी झाली आहे. २०२३ च्या नोव्हेंबरात राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने असे जाहीर केले की, बारावीनंतर जीवशास्त्र हा अतिरिक्त विषय म्हणून उत्तीर्ण झालेल्यासही वैद्यकीय प्रवेशाची ‘नीट’ परीक्षा देता येईल. गणिताची गोष्ट तशी नाही. आपल्या राज्यात अभियांत्रिकीच्या पदवीस पदार्थविज्ञान व गणित हे दोन विषय बारावीस असावेच लागतात. तिसरा विषय रसायन असो, जीवशास्त्र असो वा एखादा तांत्रिक विषय असो. राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत भूदलासाठी कोणत्याही शाखेचा विद्यार्थी चालतो, पण नौदल व वायुदल ह्यांस पदार्थविज्ञान, रसायन आणि गणित लागते. (ही परीक्षा २०२१ पासून मुलींनाही खुली झाली आहे, हे येथे बसलेल्या मुलींनी ऐकून ठेवावे.) आपल्या उशाशी झालेल्या नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले व त्याच डिसेंबरात तेथून उड्डाणे सुरू झाली. तेथे नोकरी मिळेल म्हणून गावोगावची मुले आशा धरून आहेत. परंतु विमानाची देखभाल-दुरुस्ती करणाऱ्या अभियंत्याचे शिक्षण घ्यावयाचे तर हेच तीन विषय बारावीस हवेत, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

कोणी म्हणेल, “आमचा मुलगा डॉक्टरच होणार, त्यास गणिताचे काय?” ह्यावर आमचे पहिले उत्तर साधे आहे. २०१९ साली निघालेले अकरावीच्या पदार्थविज्ञानाचे पुस्तक उघडून पाहा. पहिला धडा एकके व मापन ह्यांचा, आणि दुसरा धडाच मुळी गणिती पद्धतींचा! गणिताला पुढच्या दारातून घालवून दिले तरी ते पदार्थविज्ञानाच्या खिडकीतून आत येते.

दुसरे उत्तर आम्ही आमच्या घरचेच देतो. ग्रेगोर मेंडेल हा ऑगस्टिनियन संन्यासी. ब्र्युन नावाच्या नगरातील, म्हणजे आज चेक देशात ज्यास ब्रनो म्हणतात तेथील मठात तो राहत असे. १८५० साली शिक्षकाच्या परीक्षेत तो नापास झाला. तेव्हा मठाच्या अधिपतीने त्यास १८५१ ते १८५३ अशी दोन वर्षे व्हिएन्नाच्या विद्यापीठात धाडले. तेथे तो वनस्पतिशास्त्र शिकलाच, पण डॉप्लरसारख्या आचार्याजवळ पदार्थविज्ञानही शिकला आणि गणितही शिकला. पुढे मठाच्या बागेत त्याने वाटाण्याची झाडे लाविली. वाटाण्याची झाडे त्याच्या आधीही अनेकांनी लाविली होती. मेंडेलने दाणे मोजले. एका प्रयोगात ५,४७४ गोल आणि १,८५० सुरकुतलेले. भागाकार करून पाहा, बहुतेक तिनास एक पडतात. ह्या तिनास एक प्रमाणातून आनुवंशिकतेचे नियम निघाले. १८६६ साली त्याचा निबंध छापला गेला, १९०० पर्यंत कोणी त्याची फारशी दखल घेतली नाही, आणि आज बारावीच्या जीवशास्त्राच्या पुस्तकात प्रत्येक मुलास तो शिकावा लागतो. जीवशास्त्रातील हा पाया मोजणी करणाऱ्या माणसाने घातला. (शिक्षकाची परीक्षा त्याने १८५६ साली पुन्हा दिली आणि तेव्हाही त्यास यश आले नाही. निकालाच्या दिवशी घरी रडारड होते तेव्हा आम्हांस ह्याची आठवण येते.)

ह्याचा अर्थ सर्वांनी गणित घ्यावे असा मात्र नव्हे. ज्या मुलास दहावीचे बीजगणित दोन वर्षे शिकवण्या लावूनही रुचले नाही, समीकरण दिसताच ज्याचे हात गार पडतात, पण जो पानाच्या शिरा, बेडकाचे हृदय, आजीच्या औषधाच्या पुड्या ह्यांत तासन्‌तास रमतो, त्याने गणित खुशाल सोडावे. जीवशास्त्रास जोडून पुष्कळ वाटा आहेत. परिचर्येच्या पदवीस पदार्थविज्ञान, रसायन, जीवशास्त्र आणि इंग्रजी लागते. औषधनिर्माणशास्त्रास पदार्थविज्ञान व रसायन ह्यांच्या जोडीला गणित वा जीवशास्त्र ह्यांपैकी कोणतेही एक चालते. कृषी पदवीसही दोन्ही गटांचे विद्यार्थी घेतात. आमचे म्हणणे एवढेच की गणित सोडावयाचे तर ते नावडते म्हणून सोडावे. एका चाचणीत कमी गुण पडले म्हणून, किंवा मुलगी आहे म्हणून सोडू नये.

हे शेवटचे वाक्य आम्ही मुद्दाम उच्चारले. मुलगा असेल तर गणित आणि मुलगी असेल तर जीवशास्त्र, अशी वाटणी अजून आपल्यातील कित्येक घरांत न बोलता होते. आमच्या पाहण्यातील एका मुलीस दहावीस बीजगणितात घरातील सर्वांत चांगले गुण होते. वडिलांनी प्रेमानेच म्हटले, “पोरीच्या जातीला डॉक्टरकी शोभते.” तिने जीवशास्त्र घेतले. ‘नीट’मध्ये जागा मिळण्याइतके गुण आले नाहीत. मग तिला संगणकाच्या अभियांत्रिकीस जावेसे वाटू लागले, आणि तेव्हा कळले की बारावीस गणित नसल्याने ते दार लागले आहे. ती आता रसायनशास्त्रात पदवी घेऊन एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत काम करते, घरास हातभार लावते, आनंदात आहे. तथापि तिच्या धाकट्या बहिणीच्या वेळी वडिलांनी काही न सांगता तिच्यापुढे अर्ज ठेवला, हेही सांगितले पाहिजे.

मुलींना आम्ही आणखी एक नाव सांगतो. कमला सोहोनी, माहेरच्या भागवत. लेखिका दुर्गाबाई भागवत ह्यांच्या त्या धाकट्या बहीण. मुंबई विद्यापीठाच्या पदवीपरीक्षेत त्यांचा मुख्य विषय रसायनशास्त्र आणि दुय्यम विषय पदार्थविज्ञान होता. १९३३ साली बंगलोरच्या विज्ञानसंस्थेत त्यांनी अर्ज केला, तेव्हा केवळ स्त्री म्हणून तो नाकारला गेला. त्या स्वतः तेथे गेल्या, हट्ट धरून बसल्या आणि अटींवर प्रवेश मिळविला. पुढे केंब्रिजला जाऊन १९३९ साली त्यांनी डॉक्टरेट संपादन केली. विज्ञानात अशी पदवी मिळविणाऱ्या त्या पहिल्या भारतीय स्त्रियांपैकी होत. परत आल्यावर त्यांनी संशोधन केले ते कशावर? कडधान्ये आणि नीरा ह्यांतील पोषक द्रव्यांवर. गरिबाच्या ताटात काय पडते त्यावर. रसायन आणि जीवशास्त्र ह्यांच्या मधल्या बांधावर त्यांनी आयुष्यभर शेती केली, असे म्हणावयास हरकत नाही.

आता गणित व पदार्थविज्ञान घेतले म्हणजे अभियंताच झाले पाहिजे, हाही समज आपल्याकडे घट्ट बसला आहे. नवीन पनवेलला भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे मुख्यालय आहे. आपण बाजारास, स्टेशनास जाताना तिच्या आसपासून कितीदा जातो! पण आत काय चालते हे विचारणारा एकही मुलगा आम्हांस अद्याप भेटलेला नाही. तिचा इतिहास मोठा रम्य आहे. मुंबईस कुलाब्याच्या वेधशाळेत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची नोंद ठेवीत असत. १८५९ च्या सप्टेंबरात सूर्यावर जे प्रचंड वादळ झाले, त्याचा पृथ्वीवर उमटलेला धक्का कुलाब्याच्या यंत्रांनी टिपला, आणि ती नोंद आजही देशोदेशीचे शास्त्रज्ञ अभ्यासतात. पुढे मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार असे ठरले. विजेच्या प्रवाहाने नाजूक यंत्रांचा काटा भलतीकडेच हलेल म्हणून वेधशाळा आपल्याच जिल्ह्यात, अलिबागेस नेली. १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षे दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी घेतल्या, जेणेकरून जुन्या व नव्या नोंदींचा सांधा तुटू नये. केवढी ही सावधगिरी! असल्या कामास पदार्थविज्ञान व गणित लागते, भूगर्भशास्त्र असेल तर ते उपयोगी पडते. आणि त्या वाटेने जावयाचे तर बारावीनंतर विज्ञानाची पदवी व पुढील अध्ययन हा सरळ मार्ग आहे. खारघरला टाटा स्मारक केंद्राची कर्करोग-संशोधन संस्था आहे, तीही येथून दूर नाही. तेथे जीवशास्त्र शिकलेल्यांचे काम आहे, तसे किरणोपचाराची मात्रा मोजणाऱ्या पदार्थविज्ञानाच्या पदवीधरांचेही आहे.

राहता राहिला ‘पीसीएमबी’चा प्रश्न. “दोन्ही दारे उघडी ठेवतो, फादर,” असे म्हणून चारही विषय घेणारी मुले अनेक. ज्याची झेप खरोखर तेवढी आहे त्याने घ्यावेत. आमची त्यास ना नाही. परंतु हिशेब करून पाहावा. पदार्थविज्ञान, रसायन, जीवशास्त्र ह्या प्रत्येकास ७० गुणांची लेखी व ३० गुणांची प्रात्यक्षिक परीक्षा. गणितास ८० व २०. राज्याच्या प्रवेशपरीक्षेत गणिताचा गट आणि जीवशास्त्राचा गट हे वेगळे आहेत, प्रत्येकी २०० गुणांचे. गणिताच्या गटात निम्मे गुण एकट्या गणिताला आणि जीवशास्त्राच्या गटात निम्मे एकट्या जीवशास्त्राला. ‘नीट’च्या ७२० गुणांपैकी ३६० जीवशास्त्राचे, आणि तीत गणित नाही. म्हणजे दोन्ही दारांशी उभा असलेला मुलगा प्रत्येक दाराशी अर्धाच वेळ उभा असतो. निर्णय पुढे ढकलण्यासाठी चौथा विषय घेणे महागात पडते. ज्याला खरोखर निवडता येत नाही, त्याने अकरावीच्या आधीच्या सुटीत दोन्ही विषयांच्या पुस्तकांचे पहिले दोन-दोन धडे हाती पेन्सिल घेऊन स्वतः वाचावेत. बालभारतीच्या संकेतस्थळावर पुस्तके विनामूल्य मिळतात. ज्या पुस्तकाशी दुसऱ्या दिवशी आपण होऊन परत बसावेसे वाटते, ते कोणते, हे आईने गुपचूप पाहून ठेवावे.

मराठी माध्यमातून आलेल्या मुलांविषयी आम्हांस विशेष काळजी वाटते. अकरावी विज्ञानाचा वर्ग इंग्रजीतून चालतो. काल ज्यास ‘त्वरण’ म्हणत होतो ते आज ‘अ‍ॅक्सिलरेशन’ होते, आणि हुशार मूल बाकावर मुके होऊन बसते. पहिल्या सहामाहीचे त्याचे गुण हे विज्ञानाचे नसून भाषेचे गुण आहेत, हे आईबापांनी पक्के समजावे आणि त्या गुणांकडे पाहून विषय बदलण्याची घाई करू नये. ‘नीट’ मराठीतून देता येते. राज्याच्या प्रवेशपरीक्षेत गणित तेवढे इंग्रजीतच असते, बाकीचे विषय मराठीतही घेता येतात. दहावीची आपली मराठी पुस्तके रद्दीत घालू नयेत. नव्या इंग्रजी शब्दाशेजारी जुना मराठी शब्द लिहून एक वही करावी.

क्लासविषयी थोडे बोलणे भाग आहे. केंद्र सरकारने २०२४ च्या जानेवारीत शिकवणीवर्गांसाठी जी मार्गदर्शक तत्त्वे काढली, त्यांत सोळा वर्षांखालील विद्यार्थ्यास दाखल करू नये असे म्हटले आहे. तरीही सातवी-आठवीच्या मुलांच्या नावाने पावत्या फाटतात. कनिष्ठ महाविद्यालयात नाव घालून दिवसभर क्लासातच बसविण्याची जी रीत पडली आहे, तीमुळे मुलाच्या हाती परीक्षानळी येतच नाही. बारावीच्या परीक्षेस ७५ टक्के हजेरीचा नियम आहे, तो शोभेसाठी नव्हे. राजस्थानात कोटा म्हणून शहर आहे, तेथे देशभरातून मुले ह्या परीक्षांच्या तयारीस जातात. २०२३ साली त्या शहरात इतक्या मुलांनी आपला जीव दिला की वसतिगृहांतील छताच्या पंख्यांना स्प्रिंग बसविण्याचा हुकूम तेथील प्रशासनास काढावा लागला. बापहो, ह्या हुकुमाचा अर्थ रात्री शांतपणे मनात आणून पाहा, आणि मग सकाळी मुलाशी गुणांविषयी बोला.

विज्ञान म्हणजे केवळ हे चार विषय, असेही नाही. काही कनिष्ठ महाविद्यालयांत द्विलक्षी अभ्यासक्रम असतात: संगणकशास्त्र, इलेक्ट्रॉनिक्स, कोठे पीकशास्त्र, कोठे मत्स्यव्यवसाय. हा विषय २०० गुणांचा असतो व तो दुसरी भाषा आणि एक वैकल्पिक विषय ह्यांच्या जागी घेतात. हाताने काम करण्याची आवड असलेल्या मुलास तो मानवतो. ज्या घरास दोन वर्षे थांबणे परवडत नाही त्यांनी दहावीनंतर तंत्रनिकेतनाच्या तीन वर्षांच्या पदविकेचा विचार करावा. ती पुरी केल्यावर अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षात प्रवेश मिळू शकतो. ह्या वाटेने गेलेल्या मुलास लग्नाच्या बैठकीत ‘डिप्लोमावाला’ म्हणून नाक मुरडणारे लोक आम्ही पाहिले आहेत. त्यांचे आपण ऐकू नये.

आता अर्जाविषयी. २०२५-२६ च्या वर्षापासून अकरावीचा प्रवेश साऱ्या राज्यात संगणकावरून एकत्रित होऊ लागला. आपल्याकडे तो त्याआधीपासूनच तसा होता. त्या वर्षी विद्यार्थ्यास दहापर्यंत महाविद्यालयांचा पसंतीक्रम देता येत होता, आणि पहिल्या पसंतीचे महाविद्यालय मिळाले तर तेथे प्रवेश घेणे बंधनकारक होते. न घेतल्यास पुढील नियमित फेऱ्यांतून नाव जात असे. सबब पहिल्या क्रमांकावर मोठे नाव लिहिण्यापूर्वी, आपल्याला हवा तो विषय तेथे शिकवितात का, प्रयोगशाळा चालू आहे का, आणि जाण्यायेण्यास रोज किती वेळ लागेल, हे एकदा समक्ष जाऊन पाहावे. ख्रिस्ती अल्पसंख्याक संस्थांच्या महाविद्यालयांत निम्म्या जागा आपल्या समाजातील मुलांसाठी असतात. त्यासाठी शाळा सोडल्याच्या दाखल्यावर धर्माची नोंद बरोबर आहे की नाही ते आजच पाहून ठेवावे. निकाल लागल्यावर ती दुरुस्त करण्यास धावपळ करावी लागते.

निकालानंतरच्या पहिल्या दोन रविवारी, सकाळची मिस्सा आटोपल्यावर, आम्ही आणि धर्मग्रामातील दोघे शिक्षक सभागृहात बसू. येताना गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला आणि भरावयाच्या अर्जाची प्रत आणावी. आणि ज्याचा अर्ज आहे त्या मुलास किंवा मुलीस बरोबर आणावेच, कारण पहिला प्रश्न आम्ही त्यालाच विचारणार आहोत.